पलटण आधी पायांत घडते

इटलीच्या उत्तर भागात सेनिओ नावाची नदी आहे. पुराचं पाणी शेतात शिरू नये म्हणून तिच्या दोन्ही काठांना मातीचे उंच बांध घातलेले आहेत. ९ एप्रिल १९४५ रोजी या बांधांत जर्मन मशिनगनी दडून बसल्या होत्या आणि पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनला ती नदी ओलांडायची होती. नामदेव जाधव हे त्या बटालियनमधले साधे शिपाई, नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे. काम कंपनी रनरचं, म्हणजे कंपनी कमांडरच्या पाठोपाठ राहायचं आणि त्याचे निरोप पोचवायचे. पलीकडे पोचताच गोळ्यांचा मारा सुरू झाला. बरोबरचे बाकीचे ठार झाले, कमांडर आणि दोन जवान जखमी होऊन पडले. जाधवांनी त्यातल्या एकाला उचललं आणि खोल पाण्यातून, बांधाच्या चढावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे सुरक्षित जागी आणून ठेवलं. पुन्हा गेले, दुसऱ्यालाही आणलं. मग तिसऱ्यांदा गेले ते मशिनगनींवरच. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले. एकामागून एक मोर्चे गप्प केले, बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि मागच्या कंपन्यांना हात करून पलीकडे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या पराक्रमाची गोष्ट सांगताना आपण मशिनगनींपाशी थांबतो. मला मात्र त्याआधीचा प्रसंग अधिक अचंब्याचा वाटतो. एकदा जिवंत परत आलेला माणूस दुसऱ्या जखमीसाठी पुन्हा त्याच पाण्यात का उतरतो? तिथे विचार करायला वेळ नव्हता. म्हणजे निर्णय आधीच झालेला होता, आणि तो इटलीत झालेला नव्हता. घर सोडल्यावर आणि परदेशाच्या जहाजावर चढण्याआधी, मधल्या काळात कुठेतरी अनोळखी पोरांचा एक घट्ट घोळका तयार झाला होता. तो कसा तयार होतो, हे पाहायला लागलं की वाट थेट पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर येऊन पोचते.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. कोकणातले, देशावरचे, कर्नाटकातले रंगरूट तिथे येतात. घरची भाषा वेगळी, जेवण वेगळं, कुणी पहिल्यांदाच बूट घातलेले. उस्ताद त्यांना बंदूक शिकवतात, नकाशा शिकवतात, पण सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त काय शिकवतात? चालायला. सावधान, विश्राम, तेज चल, थम. महिनोन् महिने कदमताल. डावा पाय सगळ्यांचा एकाच क्षणी जमिनीवर पडला पाहिजे.

आता गंमत अशी की रणांगणावर या चालीचा उपयोग केव्हाच संपला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडच्या मॉरिस ऑफ नासाऊने कवायतीची नवी पद्धत घडवली ती तोड्याच्या बंदुकांसाठी. पहिल्या रांगेने बार काढायचा, मागे जाऊन बंदूक भरायची, तोवर दुसरी रांग पुढे. पावलं चुकली तर रांगच कोसळायची. अठराव्या शतकात हीच कवायत हिंदुस्थानात आली आणि महादजी शिंद्यांनी द बोइन्य या युरोपीय सेनानीला नोकरीला ठेवून आपल्या पलटणी तशाच घडवल्या. पण मशिनगन आल्यावर रांगेत चालणं म्हणजे मरण ओढवून घेणं झालं. तरीही जगातल्या एकाही मोठ्या सैन्याने कवायत टाकली नाही. जी गोष्ट लढाईत वापरायची नाही, ती रोज तासन् तास का करून घ्यायची?

याचं सर्वांत सुंदर उत्तर विल्यम मॅकनील या अमेरिकन इतिहासकाराने दिलं. १९४१ साली सैन्यात भरती होऊन तो टेक्ससच्या एका छावणीत पोचला. त्याची बटालियन विमानविरोधी तोफांची, पण अख्ख्या बटालियनला मिळून तोफ एकच, तीही नादुरुस्त. रंगरूटांना कामाला लावायचं तर दुसरं साधन नव्हतं. म्हणून उन्हात, धुळीत रोज कवायत. ती निरर्थक आहे हे त्याला पुरतं कळत होतं, आणि तरीही तिच्यात त्याला आनंद होत होता. आपण आपल्या शरीराएवढेच नसून कितीतरी मोठे झालो आहोत असं वाटायचं. हा अनुभव त्याच्या मनातून गेला नाही. अर्ध्या शतकानंतर, १९९५ साली, त्याने त्यावर एक पुस्तकच लिहिलं. त्यात त्याने सैनिकी कवायत आणि गावचा नाच एकाच रांगेत बसवले. स्नायू एका तालात बराच वेळ हलले की माणसं एकमेकांना बांधली जातात, आणि त्यासाठी एकमेकांशी बोलावंही लागत नाही, असं त्याचं म्हणणं.

मॅकनीलने डहाणू पाहिलं असतं तर त्याला आपलं म्हणणं रात्रभर डोळ्यांसमोर दिसलं असतं. भात तयार झालं की डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या पट्ट्यातल्या वारली पाड्यांवर तारपा घुमू लागतो. सुकवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा लांब कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, एवढ्यावर हे वाद्य होतं. तारपकरी मध्ये. त्याच्याभोवती बाया-पुरुषांची साखळी, प्रत्येकाचा हात शेजारच्याच्या कमरेमागे. तारप्याकडे पाठ करायची नाही. तारपकऱ्याने सूर बदलला की पावलांची चाल बदलते. काठी घेतलेला गडी ती जमिनीवर आपटून ठेका देतो. साखळी कधी घट्ट वेटोळं घेते, कधी सैल होते. आता तुम्ही त्यात शिरलात असं समजा. पहिल्या काही मिनिटांत पाय चुकतो, पण चुकलेला पाय डोळ्यांना दिसण्याआधी कमरेला कळतो, कारण दोन्ही बाजूंचे हात तुम्हाला ओढून तालात आणतात. कुणी सूचना देत नाही, कुणी रागावत नाही. साखळीच तुम्हाला शिकवते. थोड्या वेळाने आपण पाय टाकतो आहोत की पाय पडतो आहे, हे सांगता येत नाही.

गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. या चित्रांतला तारप्याचा वेढा नीट पाहा. नाचणाऱ्यांना चेहरे नाहीत, दोन त्रिकोणांची शरीरं आणि एकमेकांत गुंतलेल्या रेषा. तरीही प्रत्येक आकृतीचा बाक आपला आपला आहे. समूहात माणूस विरघळून गेलेला नाही, फक्त जोडला गेला आहे. मानवशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांना जे नीट सांगता आलं नाही, ते या पांढऱ्या रेषांनी सांगितलं आहे असं मला मनापासून वाटतं.

हे नुसतं वाटणं नाही, याची चाचणीही झाली आहे. ऑक्सफर्डच्या विद्यापीठ संघातल्या बारा वल्हेकऱ्यांना यंत्रांवर वल्ही मारायला लावली, कधी एकेकट्याला, कधी सगळ्यांना एका तालात. मेहनत दोन्ही वेळी सारखीच. नंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून तो आवळत नेला आणि कळ कुठवर सोसवते ते पाहिलं. एकत्र वल्ही मारल्यावर तीच माणसं जास्त कळ सोसू शकली. हे संशोधन २००९ च्या सुमारास प्रसिद्ध झालं. शरीर स्वतःच तयार करतं ती वेदनाशामक द्रव्यं, एंडॉर्फिन्स, एकत्र तालात हलल्यावर अधिक पाझरत असावीत, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना तिघातिघांच्या गटाने आवारात फिरवून आणलं, काहींना पावलात पाऊल टाकून, काहींना आपापल्या चालीने. मग सहकार्याचा एक खेळ खेळायला दिला. पाऊल जुळवून आलेल्यांनी एकमेकांवर अधिक भरवसा टाकला. अनोळखी माणसं, थोडीशी चाल, आणि एवढा फरक! मग वर्षानुवर्षं कदमताल केलेल्या, एका लंगरात जेवलेल्या, एका कसम परेडमध्ये शपथ घेतलेल्या पोरांमध्ये किती फरक पडत असेल?

तालाने बांधलेला समूह फक्त सैन्याच्याच कामी येतो असं नाही. सेनिओच्या लढाईनंतर दीड महिन्याने, २३ मे १९४५ रोजी, तलासरी तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेची ती परिषद. यापुढे वेठ करायची नाही, असं तिथे ठरलं. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले, तरी संघटना मोडली नाही. वेठबिगारीत पिढ्यान् पिढ्या दबलेली माणसं इतक्या झटपट कशी उभी राहिली? श्रेय संघटनेचं, कार्यकर्त्यांच्या पायपिटीचं आणि असह्य झालेल्या अन्यायाचं आहेच. पण एका सुरावर एकत्र वळायची सवय या पाड्यांना आधीपासून होती, हेही मला त्यात दिसतं.

घोळका घरीच बांधून मग परदेशी जायचं, याला इतकं महत्त्व का, ते उलट उदाहरणावरून चटकन कळतं. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने सैनिक एकेकटे पाठवले. प्रत्येकाची मुदत साधारण वर्षाची. माणूस अनोळखी तुकडीत जाऊन पडायचा, ओळख होईतो शेजारचा घरी निघालेला असायचा. तुकड्यांचा एकजीवपणा यामुळे विरला, असं नंतर अमेरिकी सैन्यातल्याच लोकांनी लिहिलं. याउलट इस्रायलमध्ये १९९१ पासून ‘गरीन त्झाबार’ नावाचा उपक्रम आहे. परदेशांत वाढलेली ज्यू तरुण मुलं तिथल्या सैन्यात जायचं ठरवतात, तेव्हा निघण्याआधीच कित्येक महिने त्यांचा गट जमवला जातो. तो गट तिथे पोचल्यावर एकत्र राहतो, पुढे प्रत्येकाची पलटण वेगळी झाली तरी सुट्टीला सगळे परत तिथेच येतात. आईबाप हजारो मैलांवर असलेल्या पोराला जेवायला वाट पाहणारं कुणीतरी हवं, इतकी साधी गरज त्यामागे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्स आणि जॅनोविट्झ या दोन समाजशास्त्रज्ञांनी जर्मन युद्धकैद्यांच्या मुलाखतींवरून १९४८ साली हेच मांडलं होतं. शिपाई तत्त्वज्ञानासाठी फारसा लढत नाही, तो शेजारच्यांसाठी लढतो. जोवर त्याचा लहान गट शाबूत, तोवर तो टिकतो.

आपल्याकडे या बांधणीत सर्वांत मोठा अडथळा समुद्र होता. समुद्र ओलांडला की जात बाटते ही समजूत. १८२४ साली बराकपूरला बंगालच्या एका पलटणीने ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर निघायला नकार दिला. सामान वाहायला बैल मिळेनात ही तक्रार होती आणि समुद्रप्रवासाची धास्तीही होती. त्या शिपायांवर तोफा डागल्या गेल्या. मुंबईच्या फौजेत मात्र वेगळा रिवाज होता. मराठे, महार, मुसलमान, कोकणातले बेने इस्रायली, सारे एकाच कंपनीत, एकाच रांगेत. ही फौज १८५६ साली इराणला गेली, पुढे अॅबिसिनियालाही गेली. पण १८९० नंतर इंग्रजांनी लढाऊ जातींचं खूळ धरलं, पलटणी जातवार विभागल्या आणि महारांची भरती बंद केली. माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१७ मध्ये उभारलेली महार पलटण १९२१ मध्ये मोडली, आणि महार रेजिमेंट उभी राहायला ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला, तेही बेळगावातच. घट्ट वर्तुळ जितकं आतल्याला धरून ठेवतं तितकंच बाहेरच्याला बाहेर ठेवू शकतं. पूर्वी मुंबईच्या फौजेत खांद्याला खांदा लावून चाललेल्यांना नंतर दाराबाहेर उभं केलं गेलं, हा अन्याय समूहाची महती गाताना झाकून ठेवता येणार नाही.

आणि दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. एका गावची पोरं एका पलटणीत असली की बांधणी झटकन होते, कारण ती निम्मी गावातच झालेली असते. पण मग गोळीही गावालाच लागते. साताऱ्याच्या अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाच्या नावापुढे आज ‘मिलिटरी’ लागतं ते अशा हिशेबातून. इंग्लंडमध्ये तेव्हा मित्रांच्या, शेजाऱ्यांच्या, एका गिरणीतल्या कामगारांच्या पलटणी मुद्दाम उभारल्या होत्या. १ जुलै १९१६ रोजी सॉमच्या लढाईत अॅक्रिंग्टन गावच्या पलटणीचे सातशेच्या आसपास जवान पुढे सरकले आणि अर्ध्या तासात त्यातले पाचशेहून अधिक पडले, काही मेले, काही जखमी झाले. गल्लोगल्ली सुतक आलं. इंग्रजांनी नंतर ही पद्धत सोडून दिली.

आपली पुण्याची सहावी डिव्हिजन त्याच युद्धात मेसोपोटेमियात होती. तिची पहिली तुकडी नोव्हेंबर १९१४ मध्ये फाओला उतरली. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमाराला तिला वेढा पडला. १४७ दिवस. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत अडकल्या होत्या. शेवटी उपासमारीने शरणागती आली आणि कैदेत हजारो मेले. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रजांची नावं कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार फक्त आकडे. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीवर संगमरवराची छोटी पाटी दिसते. या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर. तिथेही आकडाच. ज्या माणसांना एकमेकांची चाल अंधारात पावलांच्या आवाजावरून ओळखता येत होती, त्यांची नावं लिहावीशी सरकारला वाटली नाहीत.

आजही परदेशी जाण्याआधी बांधणी होतेच. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठी भारताने आजवर अडीच लाखांहून अधिक सैनिक पाठवले आहेत. लेबनॉन, काँगो, दक्षिण सुदान. जाते ती नुसती पायदळाची बटालियन नसते. तिला इंजिनिअर, सिग्नलवाले, डॉक्टर, वाहनदुरुस्ती करणारे असे वेगवेगळ्या युनिटांतले लोक जोडलेले असतात. म्हणून निघण्यापूर्वी सगळ्यांना एकत्र आणून प्रशिक्षण दिलं जातं. त्या देशाचा इतिहास, संयुक्त राष्ट्रांचे नियम, बंदूक कधी उचलायची आणि कधी नाही, हे सगळं त्यात असतं. पण या अभ्यासक्रमाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग त्यात लिहिलेला नसतो. सकाळची पीटी, संध्याकाळचा व्हॉलीबॉल, अधिकारी आणि जवान एका पंगतीत जेवतात तो बडा खाना. स्वयंपाकी आणि मेजर यांनी एकाच चेंडूमागे धावलेलं असणं हे पुढे काँगोच्या जंगलात कामी येतं.

२०२२ पासून अग्निपथ योजनेत भरती झालेल्यांची मुदत चार वर्षांची आहे, प्रशिक्षण सुमारे सहा महिन्यांचं, आणि त्यांच्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होतात. एवढ्या अवधीत जुन्या पलटणीसारखी वीण बसेल का, यावर माजी सैनिकांत जोरदार चर्चा आहे. माझं मत असं की वीण वर्षांवर कमी आणि एकत्र घाम गाळलेल्या तासांवर जास्त अवलंबून असते. मात्र शेजारचा आपला स्पर्धक आहे, चौघांतला एकच राहणार आहे, हे डोक्यात असताना त्याच्या कमरेत हात घालणं कठीण जातं. ही चिंता खरी आहे आणि तिचं उत्तर सैन्याने द्यायला हवं.

पालघर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावताना दिसतात. सोळाशे मीटर, बीम, लांब उडी, छातीचं माप. हे सगळे निकष एकेकट्याचे. मैदानावर प्रत्येकाच्या छातीवर वेगळा नंबर असतो आणि घड्याळ एकेकाचंच लागतं. भरतीला दुसरा इलाज नाही. पण पलटण ज्याच्यावर उभी राहते, ते या मैदानात मोजलंच जात नाही, आणि जे मोजलं जात नाही ते शिकवलंही जात नाही. डहाणू-तलासरीत भरतीच्या तयारीचे वर्ग घेणाऱ्या शिक्षकांना, माजी सैनिकांना आणि आश्रमशाळांच्या क्रीडाशिक्षकांना म्हणूनच हात जोडून एक विनंती. आठवड्यातून एक संध्याकाळ घड्याळ बाजूला ठेवा आणि पाड्यावरच्या तारपकऱ्याला मैदानावर बोलवा. त्याला योग्य मानधन द्या, पाहुणा कलाकार म्हणून नव्हे, उस्ताद म्हणून त्याला मान द्या. पोरांना तासभर साखळीत नाचू द्या. ज्यांची निवड होईल ती बेळगावात कदमताल शिकायला पहिल्या दिवशी उभी राहतील तेव्हा अर्धं काम घरीच झालेलं असेल. आणि ज्यांची निवड होणार नाही, ती बहुसंख्य पोरंही आपापल्या पाड्यावर एकटी परतणार नाहीत.